सबनीसांची राजवाड्याची ट्रायल

लॉकडाऊनच्या पहिल्या उन्हाळ्यात, टीव्हीवर रोज मेलेल्यांचे आकडे चालू असताना, सबनीस दर रविवारी डब्लिनमधल्या आमच्या ओंगार वस्तीच्या हिरवळीवर इस्तंबूलचा राजवाडा बघायला जायचे. हातात क्लिपबोर्ड, गळ्यात स्टॉपवॉच. फुटबॉलचे कोन मांडून सगळं आखलेलं: इथे सुलतानाचा मुदपाकखाना, इथे खजिना, त्या कचऱ्याच्या बिनपाशी जनानखाना. शेजारची आयरिश आजी मला विचारायची, "युअर मॅन ग्रँड आहे ना?" म्हणजे, हा गडी ठीक आहे ना? काय सांगणार, कपाळ!

सबनीस माझ्या नवऱ्याचे सहकारी, औषधाच्या कारखान्यात व्हॅलिडेशनला. एकटा जीव सदाशिव. कुठलंही मशीन तीनदा तपासल्याशिवाय सबनीस सही करणार नाहीत. घरीही तेच. नवा कुकर आणला तर तीन दिवस नुसत्या पाण्याच्या शिट्ट्या काढत बसले. "ट्रायलशिवाय रिलीज नाही, वहिनी!"

एप्रिल २०२०मध्ये त्यांची आई सांगलीहून आणि हे डब्लिनहून निघून इस्तंबूलला भेटणार होते. इथली थंडी आईला सोसत नाही, म्हणून मधलं ठिकाण. सुलतानांचा तो राजवाडा, आता म्युझियम, आईला दाखवायचा हा ह्यांचा ध्यास. तिकिटंही काढलेली. मार्चमध्ये सगळं बंद झालं. आम्हाला पाच किलोमीटरपलीकडे जायची चोरी, आणि ह्यांच्या राजवाड्याच्या फेऱ्या चालूच.

एकदा म्हणाले, "वहिनी, जरा आई व्हा."

मी छत्री टेकत लंगडत निघाले. "डावा गुडघा, वहिनी! आईचा डावा दुखतो!" दर चाळीस पावलांवर मला खुर्चीवर बसवायचे आणि वेळ लिहून घ्यायचे. मी म्हटलं, "अहो, माझ्या सासूचंसुद्धा इतकं कधी केलं नाही मी!" ते हसले नाहीत. "खजिन्यात गर्दी असते. तिला कुणाचा धक्का लागला तर?" मग मीही नीट लंगडले.

असं वर्ष गेलं. पुढच्या मे महिन्यात सांगलीत आईला करोना झाला. ऑक्सिजनचा बेड मिळायला दोन दिवस लागले, आणि मिळाला तेव्हा उशीर झाला होता. सबनीसांना जाता आलं नाही. भाच्याने स्मशानातून व्हिडिओ लावला, तोही मधेच बंद पडला.

तेराव्या दिवशी मी वरणभाताचा डबा घेऊन गेले. सबनीस दाढी वाढवून टेबलाशी बसले होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "तुम्ही आईसाठी केलंत तितकं कोणी करत नाही, सबनीस. नशिबापुढे इलाज नाही."

"नशीब कसलं, वहिनी?" ते म्हणाले. "लॉकडाऊनच्या आधीच्या डिसेंबरात माझी तीन आठवड्यांची रजा मंजूर झाली होती. मीच ती एप्रिलवर ढकलली. आई फोनवर म्हणाली, 'अरे, पाचशे वर्षं उभा आहे तो राजवाडा, कुठे पळून जातोय? तू आधी घरी ये.'"

"मग?"

"मी म्हटलं, नको, एप्रिलमध्येच भेटू. तिकडे तेव्हा ट्यूलिप असतात."