पंचफुलाच्या झाडाचं खत

"माह्या बायकोच्या झाडाले विकतच्या खताचा एक कण घालणार नाही!" असं मारोतरावांनी विहारात सगळ्यांसमोर छातीठोकपणे जाहीर करून टाकलं होतं.

वर्षापूर्वी पंचफुला गेली. मरोदा वस्तीतल्या बुद्धविहारापुढे खड्डा खणून, तिची राख मातीत मिसळून मारोतरावांनी बोधिवृक्षाचं रोप लावलं. पण जमीन मुरमाड, त्यात भिलाईचं ऊन! पानं पिवळी पडू लागली. हे रोप जगावं, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा उरली होती.

"बाबा, खत ऑनलाइन मिळते," सून पायल म्हणाली.

"तिच्यासाठी ऑनलाइन? माह्या अळ्या बनवून राहिल्या न खत!"

रिसालीतल्या घरामागे त्यांनी ड्रममध्ये काळ्या माशीच्या अळ्या पाळल्या होत्या. लग्नात उशिरा पोचलेल्या वऱ्हाडासारख्या त्या खरकट्यावर तुटून पडत आणि मागे काळं, भुसभुशीत खत ठेवत. खरकटं गोळा करायला मारोतरावांनी गल्लीभर हिरव्या पिशव्या वाटल्या. पिशवीवर छापलेलं पान आणि खाली लिहिलेलं, 'मिट्टी में मिल जाए'. मग रिकामी कशाला करायची? पिशवीसकट ड्रममध्ये!

"भाऊजी, पिशवीबी खातेत का त्या?" शेजारच्या गिरजाबाईंनी विचारलं.

"लोखंड सोडून सगळं खातेत वहिनी!"

स्मृतिदिनाच्या सकाळी ड्रम उघडला. अन्न गेलं होतं, पिशव्या मात्र गेल्या नव्हत्या. अळ्यांनी वळवळून त्यांचा भुगा केला होता. काळ्या खतात हिरवे कणच कण!

"मिट्टी में मिलेगी लिखा है बाबा," पायल हळूच म्हणाली, "कब मिलेगी, वो थोड़ी लिखा है!"

मारोतरावांचा चेहरा पडला, पण क्षणभरच. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये त्यांची सारी नोकरी खनिज चाळणाऱ्या मशीनवर गेली होती. "चाळणं मले शिकवता का?" म्हणत त्यांनी रेतीची चाळणी, कूलरची मोटर आणि पंखा उचलला आणि खताच्या पोत्यासह विहाराचं अंगण गाठलं.

मोटरीने चाळणी थरथरली. मोठे तुकडे वर राहिले, बारीक मात्र खताबरोबर खाली!

"हलकं असते ते उडते," असं म्हणून त्यांनी पंखा लावला.

उडालं! पण पंख्याचं तोंड विहाराच्या दाराकडे होतं. आत स्मृतिदिनाच्या वंदनेला सगळे पांढऱ्या कपड्यांत हात जोडून बसले होते. काळा-हिरवा लोट साड्यांवर, सदऱ्यांवर, खिरीच्या पातेल्यात, पंचफुलाच्या फोटोवर! खोकत, शिंकत लोक बाहेर धावले.

मुलाने, धम्मपालने, पंखा बंद केला. "बाबा, कावून करून राहिले हे?"

"झाड मरून राहिलं बेटा," मारोतराव म्हणाले आणि लहान पोरासारखे रडले. मग कोणी रागावलं नाही. खीर न खाताच लोक एकेक करून घरी गेले.

राहिलेल्या खतात अजून हिरवे कण होते; ते उडून रोपाच्या मातीत जायच्या आत खत कशात तरी भरायला हवं होतं. गिरजाबाईंनी विहाराच्या स्वयंपाकघरातून एक गठ्ठा आणला. दुधाच्या रिकाम्या पिशव्या! धुऊन, वाळवून, घडी घालून पंचफुलाने ठेवलेल्या. दोरीवर पिशव्या वाळत घातल्या की सगळे तिला हसायचे. सगळ्यात जास्त मारोतराव.

खत भरून झालं. एकही पिशवी फाटली नाही. उरलेल्या एकीत मारोतरावांनी पाणी भरलं, कोपऱ्याला टाचणीचं भोक पाडलं आणि रोपाच्या काठीला टांगली. थेंब थेंब पाणी मुळाशी पडू लागलं.

"हिरव्या पिशवीवरचं लिहिलेलं खोटं निघालं वो," ते रोपाशी बोलले, "मातीत मिसळायची घाई एकट्या तुलेच होती."

मग त्यांनी मिशीत अडकलेला हिरवा कण काढला आणि मुकाट्याने खिशात घातला. खाली टाकायची आता हिंमत नव्हती.