आंघोळीपुरतं गृहअतिक्रमण

आमच्या नळाला कालपासून पाणी नव्हतं आणि वकीलसाहेबांच्या घराची किल्ली माझ्या खिशात होती. (या दोन गोष्टी एकत्र येऊ द्यायला नको होत्या, हे आता कळतंय.) साहेब सहकुटुंब बाहेरगावी गेले होते आणि गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायचं काम त्यांच्या कारकुनाकडे, म्हणजे माझ्याकडे होतं.

कुंड्या झाल्या. मग मनात आलं, झाडांना पाणी मिळतं, मग आपणच काय घोडं मारलंय? शिवाय निघताना बायको म्हणालीच होती, "बसमध्ये कुणाच्या फार जवळ उभे राहू नका."

साहेबांच्या बाथरूममध्ये गरम पाणी होतं, उंची शांपू होता. डोक्यावर छान फेस केला आणि घराचं दार उघडल्याचा आवाज आला. मग पावलं. मग कपाट उघडल्याचा आवाज.

कपाटात साहेबांची चांदीची भांडी आणि किल्ली माझ्याकडे. चोरी झाली तर खापर माझ्याच डोक्यावर फुटणार आणि नोकरी जाणार. फेसासकट आतली कडी गच्च धरून मी ओरडलो, "कोण आहे तिकडे?"

"तू कोण आहेस?" एका वयस्कर बाईचा आवाज आला.

चोरांत बायकाही असतात, हे मी स्वतः टाइप केलेलं आहे. मी आवाज जाड केला. "गृहअतिक्रमण म्हणजे काय माहीत आहे का, बाई? दुसऱ्याच्या घरात परवानगीशिवाय शिरणे. आत माणूस असेल तर शिक्षा जास्त. आणि मी आत आहे."

"हे माझ्या भाच्याचं घर आहे, मेल्या. त्याची आत्या आहे मी. त्यानेच दिली किल्ली."

मला दरदरून घाम फुटला. (आंघोळ वाया.) "मलाही दिलीय," मी म्हणालो. "कुंड्यांना पाणी घालायला."

"मग कुंड्या बाथरूममध्ये असतात का?"

व्याख्येचा पुढचा भाग मला तेव्हा आठवला. परवानगीने शिरून भलत्याच कामासाठी थांबलं, तरी माणूस अडकू शकतो. मला आत यायची परवानगी होती, शांपूची नव्हती.

बाहेरून कडी लागली. आत्यांनी साहेबांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"अरे, तुझ्या बाथरूममध्ये चोर कोंडलाय. वर मलाच कायदा शिकवतोय. म्हणे परवानगीशिवाय शिरणं म्हणजे गृहअतिक्रमण, आत माणूस असेल तर शिक्षा जास्त."

इतक्या वर्षांची नोकरी फेसाबरोबर मोरीतून वाहून जाताना मला दिसायला लागली.

"आणि उद्देशाबद्दल काही बोलला?" साहेबांनी विचारलं.

"नाही बाई."

"मग तो चोर नाही, माझा कारकून आहे. दर वेळी टाइप करताना नेमकं तेवढंच गाळतो. वाईट उद्देश नसेल तर तो गुन्हाच होत नाही, आत्या. सोड त्याला."

माझ्या जिवात जीव आला.

"पण त्याचा उद्देश नव्हता, हे तू तिथे बसून कसं सांगतोस?" आत्यांनी विचारलं.

"इतकी वर्षं बघतोय," साहेब म्हणाले. "त्या माणसाचा कशातच काही उद्देश नसतो."