थोरल्या महाराजांनी पोथीचा वेढा उठविला त्याची हकीकत

श्रीशारदा समर्थ. अक्षरास नमन, अक्षर वाचणाऱ्या डोळ्यांस त्याहून अधिक नमन, आणि वाळवीस दुरूनच नमन करून ही हकीकत लिहिली ऐसीजे. शके सोळाशे चौऱ्याण्णव, नंदन नाम संवत्सर, ते समयी एका राज्यात (कोणत्या हे पुसू नये, आम्ही तेथले अन्न खाल्ले आहे) थोरले महाराज रणधवलराजे यांनी गादी पुत्रास दिधली आणि तलवार खुंटीस लाविली, आणि जन्म घोड्याच्या पाठीवर गेल्याने राहिले ते वाचन आता करावे ऐसा निश्चय केला. तो राजवैद्य डोळे पाहून बोलिले, "महाराज, पडदा धरला आहे. वर्ष-दोन वर्षे दिसेल, पुढला भरवसा नाही." महाराजांस घाव पुष्कळ लागले होते, परंतु हा शब्द लागला तैसा एकही लागला नव्हता. मग म्हणाले, "वर्ष तर वर्ष. तेवढ्यात पोटभर वाचू."

त्या राज्याचा रिवाज ऐसा की उघडिली पोथी शेवटास नेल्यावाचून दुसरीस हात लावू नये, लाविल्यास सरस्वती कोपते. यामुळे घरोघर एकच पोथी, तरुणपणी उघडिलेली, आरंभीच्या पानांत मोरपीस घालून बासनात निजलेली, आणि दसऱ्यास तिजवर हळदकुंकू वाहून लोक आपणांस वाचक म्हणवीत. महाराजांस दरबारचे पंडित विरूपाक्षशास्त्री यांनी राजधर्माची थोरली पोथी दिली, जी उचलावयास दोन हुजरे लागत. महाराज नेमाने बसले आणि नेमाने पेंगले. पान उलटावे, मान पडावी, जागे व्हावे आणि तेच पान पुन्हा वाचावे, ऐसा पावसाळा गेला आणि हिवाळा गेला आणि समईभोवती वलय दिसू लागले, तरी पोथी चतुर्थांशही सरेना. राणीसाहेब म्हाळसाबाई जवळ सुपारी कातरीत बसत, त्या एके दिवशी स्पष्ट बोलिल्या, "इकडचे डोळे जायचेच आहेत, ते ह्या पोथीपायी का दवडावे? जांभया ऐकून मी दमले."

महाराज ताडकन उठले आणि दरबार भरवून म्हणाले, "शास्त्रीबुवा, पोथी परत घ्या." दरबार हादरला. शास्त्री लाल होऊन म्हणाले, "अर्धी पोथी सोडणे म्हणजे रणातून पाठ दाखविणे, महाराज!" महाराज बोलिले, "रण तुम्ही पाहिले नाही, आम्ही पाहिले आहे. जो गड हाती येत नाही आणि आला तरी उपयोगाचा नाही, त्याच्या पायथ्याशी फौज उपाशी मारील तो सेनापती मूर्ख. आम्ही वेढा उठविला. आता खरे सांगा, तुम्ही तरी ही पुरती वाचली काय?" शास्त्री पगडी चाचपू लागले आणि मग हळूच म्हणाले, "दुसऱ्या अध्यायात आहे. तरुणपणापासून तेथेच आहे." कोणी हसले नाही, कारण ज्याचे त्यास ठाऊक.

मग महाराजांनी वाचनाची मोहीमच मांडिली. स्नानपूजा होताच पूर्वेच्या सज्जात, जेथे उजेड बरा, तेथे बैठक. थोडके वाचावे परंतु रोज वाचावे, मन असो नसो बसावे, आणि त्या वेळी वकील येवो की जासूद येवो, त्यास विडा देऊन बाहेर बसवावे. आणि पोथी निवडण्याची रीत ही की पहिली काही पाने वाचावी आणि मग जेवताना तिची आठवण आली तर पुढे चालवावी, न आली तर शाल पांघरवून मानाने परत धाडावी. ऐसे करता घोड्यांच्या पारखेची पोथी आली, तिजशी महाराज मोठ्याने भांडले आणि तीच दोनदा वाचिली. मग ओव्यांची आली, तीत डोळे भरले. आणि मग सावकाराच्या सुनेची कथा आली, जी हरवल्या नवऱ्याच्या शोधास एकटी तारवात बसली. ही महाराज मोठ्याने वाचीत आणि राणीसाहेबांची सुपारी अडकित्त्यातच राही. हे पाहून शहरातही लोकांनी मोरपिसे उपटली आणि ओट्याओट्यावर पोथ्यांची अदलाबदल सुरू जाहली.

आणि सून चाच्यांच्या हाती सापडली त्याच पानाशी महाराजांचे डोळे गेले. पान उजेडास धरिले, नाकास लाविले, काही दिसेना. ऐसा खंबीर पुरुष ढसढसा रडला, आम्ही पाहिले आहे, आणि आमच्यानेही राहवले नाही. शास्त्री पुढे होऊन म्हणाले, "मी वाचून दाखवितो." तो राणीसाहेब म्हणाल्या, "नको. मीच वाचीन." बाईंस अक्षर ओळखीचे नव्हते आणि वय साठीचे. दासी तोंडास पदर लावून हसल्या. बाईंनी शास्त्र्यांस सज्जात बसवून धुळाक्षरे गिरविली, चुकल्या, पाटी आपटली, पुन्हा उचलिली, आणि महाराजांनी तोवर ती कथा दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकिली नाही.

मग एके सकाळी बाई पोथी घेऊन बसल्या आणि एक एक अक्षर जोडीत, घामाघूम होत, वाचू लागल्या. सुनेने कमरेची सुरी काढिली येथवर आल्या आणि आवाज थांबला. महाराज म्हणाले, "पुढे?" बाईंचे बोट पुढल्या ओळीवर सरकले. "अहो, पुढे काय जाहले?" बाई पानावरून मान न काढता म्हणाल्या, "थांबावे जरा! आधी मला कळू दे." ज्यांच्या एका शब्दासरशी फौजा चालत, ते महाराज हात मांडीवर ठेवून थांबले, आणि सज्जात ऊन येत होते तिकडे तोंड करून कितीतरी वेळ हसत राहिले.

येणेप्रमाणे महाराजांनी राहिल्या उजेडात वाचून घेतले आणि राणीसाहेबांचे वाचन पुढे चालू राहिले. वाचणारास इतकेच सांगणे की आमचे लिहिणे रुक्ष वाटले असेल तर मध्येच ठेवावयाचे होते, कोणी कोपले नसते. येथवर आलाच आहात, तर आता दुसरी पोथी उघडावी.