मुरघास आणि किरकोळ रजा

विषय : छकुली नावाच्या जर्सी गाईस हिरव्या चाऱ्याऐवजी उसाच्या वाढ्यांचा मुरघास देणेबाबत.

उपरोक्त विषयी खुलासा असा की, पिंपळीचे आप्पासाहेब, निवृत्त कारकून, रोज सकाळी चारा कापून वैतागले होते. उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला, एकदाच कुट्टी करून, गुळाचं पाणी शिंपडून, मोठ्या पिशवीत तुडवून हवाबंद केले की मुरतात, महिनोन्‌महिने टिकतात आणि घरातलं कोणीही घमेलंभर काढून गाईपुढे टाकू शकतं. म्हणजे वरकुट्याचे सिद्धूतात्या आणि बाकी निवृत्त मंडळींबरोबर गणपतीपुळ्याला जायला आप्पासाहेब मोकळे! (त्यांनी समुद्र आजवर कॅलेंडरवरच पाहिला होता, तोही साहेबांच्या केबिनमधल्या.)

पिशवी उघडली तेव्हा द्वारकाबाईंनी नाकाला पदर लावला.

"अवो, ह्यो चारा हाय का लोणचं?"

"असाच आंबूस वास हवा. शास्त्र आहे ते."

"मग शास्त्रालाच घाला खायाला!"

छकुलीनंही हुंगून तोंड फिरवलं. आता नवा चारा हळूहळू अंगवळणी पाडावा लागतो, हे आप्पासाहेबांना ठाऊक होतं. त्यांनी ते फारच मनावर घेतलं. ते तिच्यापुढे पाट टाकून बसले आणि मूठ-मूठ भरवू लागले. वर "खा गं बाय" म्हणत मानेखाली खाजवणं.

"माझ्या बाळंतपणात पाण्याचा तांब्या न्हाय दिलात," द्वारकाबाई म्हणाल्या, "आन् हिला घास!"

थोड्याच दिवसांत छकुली मुरघासावर तुटून पडू लागली. दूध वाढलं. आप्पासाहेबांनी बॅग भरली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी रंगीत तालीम झाली. आप्पासाहेब घरातच थांबले. द्वारकाबाईंनी घमेलं ठेवलं आणि धार काढायला बसल्या. छकुलीनं घमेल्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दूध चोरलं, बादली लाथाडली आणि घराकडे बघून हंबरली. द्वारकाबाईंनी नवऱ्याचा स्वेटर चढवून पाहिला. छकुलीनं तो प्रेमानं हुंगला, आत कोण आहे ते पाहिलं आणि पुन्हा लाथ झाडली.

"या आता! तुमच्याबिगर घास उतरंना तिच्या नरड्याखाली."

"अगं, पण उद्या माझी गाडी आहे!"

"मग तिला बी न्या समुद्रावर."

आप्पासाहेबांनी रीतसर, कोऱ्या फुलस्केपवर, किरकोळ रजेचा अर्ज लिहिला आणि घरच्या वरिष्ठांपुढे ठेवला.

"मला कशापायी दावताय?" द्वारकाबाई म्हणाल्या. "जिच्या नोकरीला हाय, तिला इचारा."

गाडी ठरल्या वेळी सुटली. सिद्धूतात्यांनी पाठवलेले समुद्राचे फोटो आप्पासाहेबांनी गोठ्यात, पाटावर बसून, डाव्या हातातल्या फोनवर पाहिले.

अर्ज छकुलीकडे अभिप्रायार्थ सादर केला असून, अद्याप प्रलंबित आहे.