मशिनीनं घाण केली

नरसय्याअण्णांच्या घरी गेलं की पाणी नंतर मिळतं, आधी वायफाय मिळतं. तेही पाहुण्यांचं. घरच्या वायफायचा पासवर्ड दर सोमवारी बदलतो आणि तो अण्णांशिवाय कुणालाही ठाऊक नसतो. भिंतीला भिंत लावून आम्ही एकोणीस वर्षं राहतोय, माझ्या घराची किल्ली त्यांच्या खुंटीला असते, तरी मी आपली पाहुणीच. एकदा रागावून विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, चपला कुटं काढता? दाराबाहेरच की. मग तुमचा मोबाइल आत कसा घिऊ?"

अण्णा चादरीच्या कारखान्यात पंचिंगला होते. जाड पुठ्ठ्यांना भोकं पाडायची आणि त्या भोकांवरून चादरीवर मोर उठणार की फूल, ते ठरायचं. "भोक हाय, तर दोरा वर. भोक न्हाय, तर दोरा खाली. जन्मभर जर-तरच केलं की." रिटायर झाल्यावर त्यांनी हेच जर-तर घराला लावलं. दिवे, गिझर, हौदातलं पाणी टाकीत चढवणारी मोटर, गॅस, दाराचं कुलूप, सगळं मोबाइलला जोडलं. टाकी भरली, तर मोटर बंद. दार उघडलं, तर अण्णांच्या खिशात घंटी. गल्लीनं त्यांचं नावच जर-तरअण्णा ठेवलं.

या वस्तू निरनिराळ्या कंपन्यांच्या, एकीचं दुसरीला कळेना. म्हणून अण्णांनी इंटरनेटवरची एक सेवा घेतली, जी एकीचा निरोप दुसरीला पोचवते. "आपल्या गल्लीवानीच हाय की," त्यांनी मला समजावलं. "आमी घरात तेलुगू, भाजीवाली कानडी, तुमी मराठी. मधी दुभाषी लागतोच. पर दुभाष्याला घरातलं सगळं सांगायचं न्हाय. कामापुरतंच." म्हणून दार उघडलं एवढंच तो कळवू शकायचा. दार उघडायचा अधिकार अण्णांनी त्याला दिला नव्हता.

एवढा बंदोबस्त करूनही यंत्रं चुकायची, आणि तीही रोज नवी चूक. भर मे महिन्यात दुपारी गिझर तापलेला. घराचं दार सताड उघडं. फ्रिज सकाळभर उघडा राहून दूध नासलेलं. अण्णा दारात येऊन जाहीर करायचे, "मशिनीनं घाण केली. पर्वालेदु." पर्वालेदु म्हणजे तेलुगूत, असू दे, काही बिघडत नाही. आम्ही हसायचो. मी शाळेत गणित शिकवते, चुकलेलं उत्तर दिसलं की खोडल्याशिवाय मला चैन पडत नाही, पण मोबाइल फ्रिजचं दार कसं उघडेल हे विचारायचं काही मला सुचलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मात्र माझं डोकं फिरलं. रविवारी दुपारी मी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, हात मोडून केलेल्या. शेजारची टाकी भरून वाहिली आणि सगळं पाणी माझ्या गच्चीवर. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यातलं हे असं वाया. आणि कुरडयांचा परत चीक झालेला.

पुरावा म्हणून एक ताट घेऊन मी तडक अण्णांकडे गेले. ते नुकतेच बाजारातून पिशवी घेऊन येत होते. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाले, "मशिनीनं घाण केली."

"आज मी ती चूक शोधणारच," मी म्हटलं. "मोबाइल द्या. पासवर्ड सांगू नका हवं तर, नुसता उघडून द्या."

अण्णांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग बराच वेळ घेऊन मोबाइल उघडला आणि माझ्या हातात दिला.

त्यात प्रत्येक गोष्टीची नोंद होती. टाकी भरली, मोटर बंद, नियमानं. दोन मिनिटांनी मोटर चालू, हातानं. परत बंद, नियमानं. परत चालू, हातानं. असं चार वेळा, अण्णा बाजारात असताना. मी मागे मागे जात राहिले. गिझर चालू, हातानं. गॅसपाशी दहा मिनिटं कुणी नाही, गॅस बंद, नियमानं. हे तर रोजचंच होतं. यंत्र एकदाही चुकलं नव्हतं.

तेवढ्यात आतून अण्णांच्या बायकोनं, पद्माक्कांनी, विचारलं, "मॅडम, आज पाणी आलं का ओ?" पाणी पहाटेच येऊन गेलं होतं. त्यांनीच मला हाक मारून उठवलं होतं.

अण्णा खालच्या आवाजात बोलायला लागले. "दीड वरीस झालं, ती इसरत चाललीय. डॉक्टर म्हणतो, वाढतच जाणार. तिला मी कळू दिलं न्हाय. आपल्या चुका हायत म्हणून कळलं, तर चुलीला हात लावायची न्हाय. रांधणं सुटलं की नुसती बसून राहील. मग तिला काय उरलं सांगा? म्हणून मशिनीवर घालतो." दर सोमवारी बदलणारा तो पासवर्ड चोरांसाठी नव्हता. घरच्या वायफायवर येऊन ही नोंद कुणी वाचू नये म्हणून होता. आणि मी ती हट्टानं वाचली होती. मला माझीच लाज वाटली.

पद्माक्का हात पुसत बाहेर आल्या. ताट बघून म्हणाल्या, "अगंबाई, कुरडयांचं असं कुणी केलं?"

अण्णा माझ्याकडे बघत राहिले.

"मशिनीनं केलं, अक्का," मी म्हटलं.

मग पद्माक्कांनी अण्णांना जे धारेवर धरलं, ते बघण्यासारखं होतं. एरवी नवरा-बायको तेलुगूत भांडतात. आज मला कळावं म्हणून मराठीत. "काढून टाका म्हणून किती सांगितलं. उन्हाळ्यात गिझर लावतीय तुमची मशीन. फ्रिज उघडा टाकून दूध नासवलं. उगादीच्या सणाला दार उघडं टाकलं, मांजर शिरलं. डाळ अर्धी शिजली की गॅस बंद करतीय. आता ह्या मॅडमच्या कुरडया." प्रत्येक चूक बरोबर होती. एकही विसरल्या नव्हत्या.

अण्णा हातातली पिशवी तशीच धरून उभे होते. डोळे भरले होते आणि चेहरा मात्र इतका आनंदी मी कधी पाहिला नव्हता. पद्माक्का दम खायला थांबल्या, तसे ते हळूच म्हणाले, "आनि काय काय केलं मशिनीनं? सांग की."

पद्माक्कांनी खुर्ची ओढली आणि सांगायला बसल्या.