चष्मेवाले काका पुढे गेले

माणूस एकटाच डोंगरात पळू लागला तर घरचे डॉक्टरला फोन करतात. वीस जण मिळून पळू लागले तर त्याला चळवळ म्हणतात. आमचा रनिंग क्लब ही अशीच एक चळवळ आहे. दर रविवारी सकाळी आम्ही गावाबाहेरच्या टेकड्यांमधून, रानवाटेने, वीसेक किलोमीटर धावतो. (क्लबच्या घटनेनुसार चढावर चालणे, उतारावर घसरणे आणि झाडाला धरून उभे राहणे यांचा समावेश धावण्यातच होतो.)

क्लबचे ब्रीद आहे, ‘कोणालाही मागे सोडायचे नाही’. ते आम्ही टी-शर्टच्या पाठीवर छापून घेतले आहे, म्हणजे मागे राहिलेल्याला ते नीट वाचता येते.

मागे राहत ते चष्मेवाले काका. बाजारात त्यांचे चष्म्यांचे दुकान आहे. पोट सुटले म्हणून काकूंनी त्यांना आमच्या हवाली केले होते. काका वाट चुकू नयेत म्हणून आम्ही प्रत्येक फाट्यावर त्यांच्यासाठी थांबायचो. कोणी पाणी प्यायचे, कोणी खजूर खायचे, दातांच्या डॉक्टरीणबाई सगळ्यांचे फोटो काढायच्या. बऱ्याच वेळाने काका लालबुंद होऊन यायचे आणि हात जोडायचे. माझ्यामुळे तुमचा खोळंबा होतो, असे दर फाट्यावर म्हणायचे. आमचे कप्तान (व्यवसायाने फरशांचे व्यापारी, पण मन मोठे) त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे की, हा खोळंबा नव्हे, हे संस्कार आहेत. एवढे बोलून ते शिट्टी मारायचे आणि आम्ही ताजेतवाने होऊन निघायचो. या व्यवस्थेत विश्रांती न मिळणारे एकटे काकाच होते, पण हा विषय कधी सभेपुढे आला नाही.

काकांनी मात्र हा खोळंबा मनाला लावून घेतला. दुकान उघडण्याआधी ते रोज आपल्या इमारतीचे जिने चढू-उतरू लागले. त्यांना सारखे जिन्यात पाहून शेजाऱ्यांना वाटले लिफ्ट बिघडली आहे. दुरुस्तीवाला दोनदा येऊन गेला. पुढे काका इमारतीबाहेर पळू लागले तेव्हा कुठे लिफ्ट सुधारली असे सगळ्यांचे मत पडले.

आणि मग तो रविवार उजाडला. पहिल्या फाट्यावर आम्ही कमरेवर हात ठेवतो न ठेवतो तोच काका हजर. चेहरा लाल नाही, हात जोडलेले नाहीत.

“चला,” ते म्हणाले. “आज माझ्यासाठी कोणी थांबायचं नाही.”

आम्ही निघालो. दुसऱ्या फाट्यावर तेच. तिसऱ्या फाट्यावर काका आधीच पोचून आमची वाट पाहत होते. त्यानंतर क्लबवर जे ओढवले ते थोडक्यात सांगतो. सीए साहेबांच्या बुटात खडा गेला आणि तो शोधायला त्यांना बराच वेळ लागला. (खडा सापडला नाही.) डॉक्टरीणबाईंना एका काटेरी झुडपाविषयी अचानक आस्था वाटू लागली. कप्तानांना दुकानातून तातडीचा फोन आला. (त्या भागात रेंज नाही.) दोन सभासद दुधाच्या टेम्पोतून परतले. आम्ही कसेबसे गाड्यांपर्यंत पोचलो तर काका सगळ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या घेऊन उभे होते. त्यांच्या डोळ्यांत इतका आनंद होता की आम्हाला तिकडे पाहवेना.

तातडीची सभा उभ्यानेच घेण्यात आली, कारण बसलेल्यांना उठता येत नव्हते. यापुढे आळीपाळीने एकेकाने मागे राहावे, असा ठराव एकमताने संमत झाला. पहिली पाळी कोणाची, यावर मात्र एकमत होईना. पुढच्या रविवारी जो तो मागे वळून पाहत, शेवटून दुसरा राहण्यासाठी जिवाच्या आकांताने पळाला. क्लबच्या इतिहासातली ती सर्वोत्तम वेळ होय. सीए साहेब आणि डॉक्टरीणबाई तेव्हापासून एकमेकांशी बोलत नाहीत.

शेवटी कप्तान, डॉक्टरीणबाई आणि मी असे शिष्टमंडळ काकांच्या घरी गेले. काकूंनी चहा-बिस्किटे पुढे केली. कप्तानांनी मुद्दा मोठ्या कौशल्याने मांडला. क्लबला अनुभवी माणसाची गरज आहे, अनुभवी माणूस मागेच शोभतो, आणि ‘पिछाडीप्रमुख’ या पदासाठी वेगळ्या रंगाचा टी-शर्टही विचाराधीन आहे. काका चष्मा पुसत ऐकत होते.

“म्हणजे,” त्यांनी सावकाश विचारले, “तुम्ही दमत होतात?”

कप्तानांनी पंख्याकडे पाहिले. मी बिस्किटावरची नक्षी पाहिली.

“आणि मी मात्र दर रविवारी घरी आलो की हिला सांगायचो, त्या लोकांना माझ्यापायी ताटकळावं लागतं.”

“क्लब सोडायला निघाले होते,” काकू म्हणाल्या. “मीच अडवलं. म्हटलं, चांगली माणसं आहेत, थांबतात तरी.”

काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि आम्हा तिघांना एकेक करून नीट पाहिले. रागावलेले दिसले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. ते म्हणाले, “येतो मी मागे. पण तुमच्यापैकी एकानं आधी म्हणायचं, काका, मी दमलोय. एवढंच.”

डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडले आणि व्यावसायिक सवयीने लगेच मिटले. दमण्याचा तसा प्रश्न नाही, असे म्हणून कप्तान उठले. उठताना त्यांना खुर्चीचा हात धरावा लागला.

काका आता पलीकडच्या टेकडीवर काकूंबरोबर धावतात. काकू दमल्या की “दमले” म्हणतात आणि दोघे दगडावर बसतात. धावण्याच्या शास्त्रात या पद्धतीला काहीही आधार नाही.

तर सांगायचे म्हणजे, आमच्याकडे एक जागा रिकामी आहे. क्लबने बरीच चौकशी केली आणि सर्वांच्या मते आपल्याइतकी योग्य व्यक्ती नाही. आपले धावायचे बूट अजून खोक्यातच आहेत, आपण पुढच्या महिन्यापासून सुरू करणार आहात, आणि आत्ता हे वाचतानाही आपण पाय वर घेऊन बसला आहात, हे आम्ही जाणतो. येत्या रविवारी अवश्य या. दरम्यान सराव केल्याचे आढळल्यास निवड रद्द समजली जाईल.