नानाजींचे पोथीघर

मुलांनो, आमच्या किन्हीराजा गावात एखाद्या आजाऱ्याकडे वैद्याआधी नानाजी पोचले, की घरच्या बायका डोळ्यांना पदर लावत. नानाजी म्हणजे माझे चुलत सासरे. काखेत पोथी बांधायचे लाल फडके घेऊन ते उशाशी बसत, ताप किती हे विचारत आणि मग हळूच म्हणत, "पोथी कुठं ठेवली?"

आमच्याकडे पोथी वाचणारा गेला आणि मागे वाचणारे कोणी नसले, की पोथी नदीत सोडत. तसे झाले की नानाजी दोन दिवस जेवत नसत.

जमवलेल्या पोथ्यांसाठी त्यांनी घराशेजारी नवे पोथीघर बांधले. वाळवी चढू नये म्हणून कमरेएवढे जोते, दगडी भिंती, चुन्याचा गिलावा. राहते घर मात्र गळके. काकू, म्हणजे नानाजींची बायको, म्हणत, "पोथ्यायले दगडाचं घर अन् मले गळकं. मी बी सोताले फडक्यात बांधून बसू का?" मी इंग्रजी शिकलेली सून, म्हणून पोथ्यांची यादी माझ्याकडे. ओल्या पायांनी आत गेले तर नानाजी मलाही बाहेर काढत.

शेजारच्या गंगूमावशीची पोथी तेवढी मिळेना. ती तिच्या नवऱ्याने हाताने उतरवलेली. त्याच्यामागे तिला कोणी नव्हते.

"मी मेली की नदीत सोडजो," ती नानाजींना म्हणे. "तो तिकडं वाट पाहून राह्यला. तुह्या कोठीत नोको."

"नदीत मासे वाचतीन काय, मावशी?"

"तुह्यापेक्षा बरे वाचतीन."

त्या पावसाळ्यात तापाची साथ आली. घरोघर ओल, माणसे ओल्यातच पडलेली. नानाजींनी कोणाला विचारले नाही. पोथ्या उचलून आपल्या गळक्या घरात नेल्या आणि पोथीघरात आजाऱ्यांसाठी चटया टाकल्या. आठवडाभरात तिथून चौघांना स्मशानात नेले.

गंगूमावशीची चटई दाराजवळ होती. नानाजी तिला तिचीच पोथी रोज वाचून दाखवत. पोथीसाठीच चालले आहे, असे सगळ्यांना वाटले, मलाही. एका सकाळी ती गेली. तीन अध्याय राहिले होते.

आता पोथी मागणारे कोणी नव्हते. मी पेन्सिलीला टोक काढून यादी उघडली. नानाजी मात्र पोथी घेऊन नदीकडे निघाले. मी मागोमाग गेले.

ते गुडघाभर पाण्यात उभे राहिले. वाचून झालेली पाने त्यांनी आधी सोडली. मग उरलेले तीन अध्याय मोठ्याने वाचू लागले. एक पान वाचायचे, पाण्यावर ठेवायचे, दुसरे घ्यायचे. ठसका लागला की थांबत, आणि ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचत.

घरी आलो तर रात्रीच्या पावसाने पोथ्यांची एक चळत भिजली होती. त्यांनी तिकडे एकदा पाहिले आणि काकूंना म्हणाले, "मावशीची जागा चुन्यानं पुसून घे. दुपारी अजून दोघं येऊन राह्यले."